पाहुण्याचे ओले कपडे

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे पाहुणा म्हणतात. नाव ठेवलं मीच. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दिवसभर दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या मजल्यावर पोचवायची सोय करत हिंडतो आणि स्वतः कुठल्याच मजल्यावर टिकत नाही. बारा पिंपळांवरचा मुंजा, दुसरं काय!

माझं धुलाई आणि इस्त्रीचं दुकान आहे, मागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहतो. त्यामुळे याचं एखादं प्रकरण आटोपलं की ते सगळ्यांत आधी मला कळतं, तेही यानं तोंड उघडायच्या आत. हा येतो, काउंटरवर पिशवी ठेवतो आणि पिशवीखालून पाणी ठिबकायला लागतं. निघायचं एकदा डोक्यात आलं की दोरीवरचे कपडे वाळेपर्यंतही याला दम निघत नाही. तसेच ओढायचे, पिशवीत कोंबायचे आणि सुटायचं. मीही काही विचारत नाही. कपडे पंख्याखाली पसरते आणि चहा टाकते.

कारणं तर एकेक ऐकावीत. बँकेतली होती ती म्हणे फार सावकाश जेवायची. गाणं शिकवणारी होती ती सकाळी डोळे उघडले की आज किती वाजता येशील विचारायची, तर याचा जीव गुदमरायचा. बेकरीवाल्याच्या मुलीनं तर कहरच केला, याच्यासाठी नवी उशी आणली. मी म्हटलं, अरे मेल्या, उशीच आणली ना, बेड्या तर नाही आणल्या? तर म्हणे ताई, तुला नाही कळायचं, ती उशी बघितली आणि माझी झोपच उडाली.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. कुणाला फसवत नाही, थापा मारत नाही. नव्याचे नऊ दिवस इतके मनापासून साजरे करतो की दर वेळी मलाच वाटतं, या खेपेला जमलं. आणि एकटं राहवतंय म्हणता? छे! माझ्याकडे चार दिवस झाले की फोन हातात घेऊन दुकानासमोर येरझाऱ्या सुरू. बसला तर पाय हलतो, उभा राहिला तर शटरवर बोटं वाजवतो. गिऱ्हाईकं विचारतात, यांना कुठे जायचंय का? आता काय सांगू, त्यालाच माहीत नाही.

मग चष्मेवाली आली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. पहिल्यांदा याचे शर्ट घेऊन आली तेव्हा मला तोंडावर म्हणाली की तुमची इस्त्री जास्त तापते, कॉलरी चमकायला लागल्यात. माझ्या दुकानात उभी राहून मला शिकवते! मला ती तिथल्या तिथे आवडली. पाहुणाही तिच्याकडे रमला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, ओली पिशवी काही आली नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, घोडं गंगेत न्हालं बाई एकदाचं.

पण याची एक पेटी आहे, लोखंडी, माझ्या पलंगाखाली. आईबाबा गेल्यावर घर मोडलं तेव्हा यानं ती आणली. आईची शाल, बाबांची हत्यारं, याचे गरम कपडे. इतक्या घरांत राहिला, पण पेटी कुठे नेली नाही. ते चष्मेवालीच्या नजरेतून थोडंच सुटणार. एकदा दुकानात माझ्यासमोरच तिनं त्याला सांगितलं, "अर्धं कपाट रिकामं केलंय. रविवारी पेटी घेऊन ये. पेटीशिवाय आलास तर मी दार उघडणार नाही." हा हसला. ती हसली नाही.

रविवारी सकाळी यानं पेटी ओढून बाहेर काढली. पुसली. मग तिच्यावरच बसून राहिला. उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. चहा झाला, आणखी एक चहा झाला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, अशी बाई दिवा घेऊन शोधलीस तरी मिळायची नाही, उचल ती पेटी. शेवटी उचलली, निघाला. मी लगेच पलंगाखाली हँगरची खोकी सरकवून टाकली. नको ती जागा रिकामी राहायला.

दुपारी फोन केला तर म्हणाला, खालीच आहे, जातोय वर. मी निर्धास्त झाले.

दिवेलागणीला दुकानात आली ती चष्मेवाली. हातात याच्या कपड्यांचा गठ्ठा. धुतलेले, कडक वाळलेले, नीट इस्त्री केलेले. काउंटरवर ठेवले आणि चष्मा काढून पुसत राहिली. मला वाटलं, याला काही झालं की काय.

"तो ठीक आहे, ताई," ती म्हणाली. "दुपारपासून माझ्या घरासमोरच्या बसस्टॉपवर पेटीवर बसलाय. मी खिडकीतून बघतेय."

मी चिडलेच तिच्यावर. अगं, एक हाक मारायला तुझं काय जात होतं?

"मारली असती तर धावत आला असता. आजवर हाक आली तिथे तो गेलाच आहे. मला एकदा तो आपणहून आलेला बघायचा होता." तिनं चष्मा चढवला. "जेवण दोनदा गरम केलं मी. आता नाही होत." आणि गेली. रडली असती तर मी तिला धरलं तरी असतं.

थोड्या वेळानं पाहुणा आला. पेटी हातात, दुसरा हात मोकळा. कपड्यांचा गठ्ठा बघून थबकला. वरच्या शर्टावर हात ठेवला, मग बाही चाचपली, मग खालच्या शर्टात बोटं घातली. इतक्या वर्षांत, प्रकरण आटोपल्यावर त्याचे कपडे वाळून माझ्या काउंटरवर पहिल्यांदाच आले होते.

"ती येऊन गेली?"

मी म्हटलं, हो. दुपारपासून खिडकीतून तुला बघत होती.

तो मटकन पेटीवर बसला. पाय हलत नव्हता. लहान मुलासारखं तोंड वर करून म्हणाला, "मग तिनं हाक का नाही मारली?"

उत्तर माझ्याजवळ होतं. ती नुकतंच देऊन गेली होती. पण मी आत जाऊन चहा टाकला.