मसोलीहून येणारा केबलवाला

आमच्या डहाणूच्या घरी केबलचं काही बिघडलं की मसोलीहून तो येतो. कुठलीही वायर खोचण्याआधी तिचं टोक शर्टाला पुसतो आणि "चल बाबा, बोल आता," असं मशीनलाच सांगतो.

आई गेल्यापासून बाबा गप्प झाले होते. चांगल्या आवाजात त्यांचं मन रमेल म्हणून मी होम थिएटर आणलं. ते जोडायला केबलवाला आला. त्याने सेट टॉप बॉक्स होम थिएटरच्या रिसीव्हरला जोडला आणि रिसीव्हर टीव्हीला. मी गाणं लावायला सांगितलं, तर त्याने बातम्या लावल्या.

"गाणं कुठल्याही डब्यावर चांगलंच वाजते. माणूस बोलतो ते समजलं पाहिजे. काका, बरोबर ऐकू येते ना?"

बाबांनी हसून मान डोलावली.

तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग आवाज बंद करून त्यांच्या पाठीमागे गेला आणि म्हणाला, "काका, थोडं पाणी मिळेल?" बाबा हलले नाहीत. त्याने पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. मी उठू लागलो, तर त्याने मला हातानेच थांबवलं.

निघताना दारात तो हळूच म्हणाला, "जोडणी बरोबर आहे. काकांना कानाच्या डॉक्टरकडे न्या. माझी आई पण अशीच नुसती हसायची."

बाबा दुःखात आहेत, असं समजून आम्हीही त्यांच्याशी कमीच बोलत होतो. पुढच्या आठवड्यात त्यांना कानाचं मशीन बसवलं. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हीच माझ्याशी बोलायचं सोडलंत."