रेषेच्या अलीकडची माती

महेबूबभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला साडूच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत बसलो होतो. फोन त्यांच्या मुलाचा, अन्वरचा. "डॉक्टरसाब, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. डोक्याच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते, शुद्ध आलीच नव्हती, तेव्हा बातमी अनपेक्षित म्हणता येणार नाही. तरी पानावरून उठलो, हात धुतले, बायकोला "तू थांब, मी निघतो" म्हणालो आणि गाडी नांदेडच्या दिशेनं काढली. कब्रस्तानात पोचलो तर गर्दीतली माणसं बाजूला सरून मला वाट द्यायला लागली. "डॉक्टरसाबला पुढं येऊ द्या, त्यांचे डॉक्टर हायत," कोणीतरी म्हणालं. आणि मी त्या वाटेनं पुढं गेलो... तिथंच थांबून काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले.

मी नांदेडात फिजिशियन आहे. महेबूबभाईंचं जुन्या गावात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते माझ्याकडे ब्लडप्रेशर दाखवायला यायचे. त्या दिवसांत मी पुण्याच्या एका वर्गमित्राच्या नादी लागून गोल्फच्या काठ्यांचा संच विकत आणला होता. नांदेडात गोल्फ कुठं खेळणार, हा प्रश्न विकत घेताना सुचला नव्हता. घरात बायकोनं ठेवू दिला नाही, म्हणून तो दवाखान्यात वजनकाट्याशेजारी कोपऱ्यात उभा असायचा आणि पेशंट त्याला फिजिओथेरपीचं काहीतरी समजायचे. महेबूबभाईंनी मात्र आत आल्या आल्या पिशवीतली सात नंबरची लोखंडी काठी बरोबर उपसून काढली, उलटी धरून तिचा तळ बघितला आणि म्हणाले, "हिला तर माती लागलीच न्हाई, डॉक्टरसाब. आणून पूजेला ठेवली का काय?" मी ब्लडप्रेशरचा पट्टा हातात घेऊन बघतच राहिलो. मग कळलं, की हा माणूस पंधराव्या वर्षी हैदराबादला मामूकडं गेला होता आणि तिथल्या एका गोल्फच्या मैदानावर त्यानं तीस वर्षं साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहिली होती. सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा पिशवीवाल्यांना खेळू द्यायचे. त्या सोमवारांवर ते इतके तयार झाले, की पुढं पुढं साहेबच त्यांना बाजूला बोलावून "जरा बघ रे माझं काय चुकतंय" म्हणायला लागले. वडील थकले तसे ते नांदेडला परतले, दुकानात बसले, आणि त्यानंतर वीस वर्षांत त्यांनी काठीला हात लावला नव्हता.

त्या दिवसापासून मी त्यांना उस्ताद म्हणायला लागलो. मैदान आम्ही माझ्या गावी केलं, मुखेडच्या रस्त्याला, गाडीनं तासाभरावर. शेत थोरला भाऊ बघतो. विहिरीजवळचा एक पडीक तुकडा मी त्याच्याकडून मागून घेतला. उस्तादांनी जमीन पायानं दाबून बघितली, काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून घेतली आणि म्हणाले, "आता हिच्यात हराळी लावायची." भावाला वाटलं, आम्ही त्याची थट्टा करतोय. "आज्यानं, बापानं हराळी खंदू खंदू कंबर मोडून घेतली, अन् तू तिला पाणी देऊन वाढवून राहिलास?" पण उस्ताद ऐकणारे नव्हते. हैदराबादच्या मैदानावर हेच गवत असतं, फक्त तिथं त्याला इंग्रजी नाव आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. वर्षभरात ती जागा सतरंजीएवढी दाट झाली आणि पुढं दादा स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायला लागला.

शिकवणी दर रविवारी सकाळी. मी चार वर्षं एकच गोष्ट शिकलो: लोखंडी काठीनं आधी बॉलला मारायचं आणि मग जमिनीला. ऐकायला सोपं आहे. पण बॉल उडवायचा म्हटलं की माणसाचे हात आपोआप त्याला खालून उचलायला जातात, अंग मागं रेलतं, आणि काठी बॉलच्या आधीच मातीत रुतते किंवा वरच्या वर बॉलचं टाळकं खरवडून जाते. उस्ताद गवतावर चुन्याची एक रेष मारायचे आणि बॉल बरोबर रेषेवर ठेवायचे. बॉलच्या मागं वीतभर अंतरावर आपला खांद्यावरचा रुमाल घडी करून ठेवायचे. काठी रुमालाला लागता कामा नये आणि गवतासकट जी मातीची चकती निघेल, ती रेषेच्या पलीकडूनच निघाली पाहिजे. या चकतीला इंग्रजीत डिव्हट म्हणतात. उस्ताद ढलपी म्हणायचे. ढलपी पोळीसारखी पातळ हवी, खड्डा झाला तर ते "विहीर खंदून राहिले का?" म्हणायचे. "हाताला सोडा, डॉक्टरसाब. हात लई शहाणा हाय तुमचा. सगळा भार डाव्या पायावर येऊ द्या, मग बघा." आणि बॉल कुठं जातोय ते मी मान वर करून बघायला लागलो, की ते माझी टोपी धरून मान खाली करायचे. "तो गेला, त्याला काय बघता. हितं बघा, काय ठेवून गेला ते."

मग आम्ही दोघं उकिडवे बसून त्या ओल्या जखमेकडं बघायचो. ती कुठं सुरू झाली, कुणीकडं वळली, काठीच्या टोकाकडं खोल आहे की टाचेकडं. त्यावरून ते माझ्या अंगात काय चाललंय ते सांगायचे, आणि ते बरोबर असायचं. एकदा म्हणाले, "आज उजव्या गुडघ्यावर भार धरून हायत तुम्ही. दुखून राहिलं का?" दुखत होतं, मी बोललो नव्हतो. एकदा ढलपी बघून म्हणाले, "घरी भांडून आले." तेही खरं होतं. मी हसून म्हणायचो, की उस्ताद, तुम्ही माझा ईसीजी काढता. बघून झालं की प्रत्येक ढलपी उचलून आणायची, तिच्या जागी बसवायची, पायानं दाबायची आणि तांब्यातलं पाणी घालायचं. हे काम ते मला एकट्याला करू देत नसत. सकाळभरात माझ्या साठ-सत्तर ढलप्या व्हायच्या आणि ते त्या सगळ्या सांधायला माझ्याबरोबर वाकायचे. हळूहळू मलाही वाचता यायला लागलं. इतकं, की ते मारायचे तेव्हा मीही आधी जमिनीकडं बघायचो. त्यांची ढलपी रेषेपासून चार बोटं पलीकडं सुरू व्हायची, दरवेळी तेवढीच. चार वर्षांत एकदाही त्यात फरक पडलेला मी बघितला नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर त्यांच्या डोक्याला लागलं. रविवारी गाडीत बसल्यावर त्यांनीच हसत सांगितलं. मी गाडी चालवता चालवता एका हातानं टेंगूळ चाचपलं आणि म्हणालो, "काही नाही, तुमचं डोकं शटरपेक्षा पक्कं आहे." त्यांना हृदयासाठी रक्त पातळ राहायची गोळी चालू होती. ती मीच लिहून दिली होती. अशी गोळी घेणाऱ्या, सत्तरीला आलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर काय करायचं, हे मला शिकाऊ डॉक्टरांना शिकवता येईल इतकं पाठ आहे. पण गाडीत मी डॉक्टर नव्हतो, मी सुट्टीवर होतो.

त्यानंतर दोन-तीन रविवारांनी त्यांची ढलपी मागं यायला लागली. आधी रेषेवर. मग रेषेच्या अलीकडं बोटभर. एकदा तर काठीबरोबर रुमालच उडाला आणि मी टाळ्या वाजवल्या, "उस्ताद, रुमाल गेला!" तेही हसले, पण रुमाल उचलायला गेले तेव्हा जरा तिरके चालले. गाडीतून उतरताना ते डावा पाय हातानं उचलून बाहेर ठेवायचे, हे मी बघत होतो. बघत होतो म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर होतं. आमची दहा-दहा बॉलची पैज असायची, कोणाच्या ढलप्या रेषेच्या पलीकडं जास्त. चार वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो. त्या रविवारी जिंकलो, सात आणि तीन. उस्ताद रेषेच्या अलीकडं पडलेल्या आपल्या सात ढलप्यांकडं बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, डावा पाय ऐकून नाही राहिला माझा."

हे वाक्य दवाखान्यात कोणी म्हणालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. दोन्ही हात पुढं करून डोळे मिटायला सांगितलं असतं. दहा पावलं चालवलं असतं. टाचांवर उभं केलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मग त्याच दुपारी डोक्याचा स्कॅन. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय झालं उस्ताद, आता चेल्याचे दिवस." आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेढे वाटले. खरंच वाटले. कंपाउंडरनं विचारलं कशाचे, तर सांगितलं, उस्तादांना हरवलं. त्याच संध्याकाळी जाऊन एक पुडा त्यांच्या दुकानातही देऊन आलो. त्यांनी त्यातला पेढा मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाले, "शाबास. पण मारताना खांदा अजून लवकर उघडून राहिलाय तुमचा." मी तसा तोंडात पेढा धरूनच घरी आलो, आनंदात.

नऊ दिवसांनी, सकाळी नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. अन्वरनं मला फोन केला आणि मी त्यांना शहरातल्याच मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूवर रक्त साठलं होतं. थोडं थोडं, रोज झिरपत झिरपत साठलेलं. ऑपरेशन करणारा माझ्याच ओळखीतला. तो बाहेर आला, टोपी काढली आणि अन्वरच्या आणि त्याच्या आईच्या, भाभींच्या समोर मला विचारलं, "महिना-दीड महिन्याचं जुनं रक्त आहे. आधी आले असते तर साधी गोष्ट होती. चालण्यात, पायात काही फरक कोणाला जाणवला नव्हता का?" अन्वरनं माझ्याकडं बघितलं. भाभींनी बघितलं. मी म्हणालो, "नाही. तसं काही नव्हतं."

हे मी एका दमात म्हणालो, विचार न करता. त्याला घाबरणं म्हणतात, दुसरं काही नाही. मी आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडत आलो आहे, की इतके दिवस काय झोपला होता का, आणला का नाही लवकर. त्या ओरडण्याचा आता मला राग येतो. चार वर्षं ज्या माणसानं मला जमिनीवरचा ओरखडा बघून अंगातलं दुखणं ओळखायला शिकवलं, त्याचंच दुखणं त्यानं माझ्यासमोर सात वेळा जमिनीवर काढून दाखवलं. आणि मी ते मोजलं... पैज जिंकण्यासाठी मोजलं. मला ते दिसलं नाही असं म्हणता येत नाही. मला ते आवडलं होतं.

चाळीसाव्याला त्यांच्या घरी जाऊन आलो. जेवणं झाली, माणसं पांगली. अन्वर बाहेर पातेली मोजून देत होता. आतल्या खोलीत भाभी एकट्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "तुम्ही होते म्हणून त्यांचे हे चार वर्षं लई चांगले गेले, डॉक्टरसाब." मला आणखी सहन झालं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शटर, गोळी, ढलप्या, पाय. पेढ्यांचंही सांगितलं. दवाखान्यात त्या डॉक्टरसमोर खोटं बोललो, हेही सांगितलं. बोलताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. रागावल्या असत्या, रडल्या असत्या तर मला पुढं काय करायचं ते कळलं असतं.

त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि महेबूबभाईंच्या चपला घेऊन आल्या. माझ्या हातात दिल्या. उजवी ठीक होती. डावीचा पुढचा भाग, अंगठ्याखालचा, घासून घासून पार कागदासारखा झाला होता.

"मला दिसत होतं," भाभी म्हणाल्या. "फरशीवर पाय घासल्याचा आवाज यायचा. मी म्हणलं, अन्वरला सांगते, कुण्या डॉक्टरला दाखवू. तर माझ्यावरच चिडले. म्हणले, गप बस. दर इतवारी डॉक्टरसाब मला चालताना बघून राहिलेत. त्यांच्याहून मोठा कोणता डॉक्टर हाय? काय असतं तर ते बोलले नसते का?"

एवढं सांगून त्यांनी चपला माझ्या हातातून घेतल्या आणि परत दाराशी, होत्या तिथं, नीट जोडून ठेवल्या.