भरती येईपर्यंतचं मरण

डोंबिवलीत राहून मी जहाजांची आणि जहाजांच्या विम्याची वकिली करते, हे ऐंशीच्या दशकात कुणाला पटवून देणं हे कोर्टात केस जिंकण्यापेक्षा अवघड होतं. लोक आधी खिडकीबाहेर बघायचे, मग माझ्याकडे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी फार विचार करून विचारलं, "म्हणजे पाण्याच्याच केसेस ना? मग आमच्या बाथरूममध्ये वरून गळतंय, त्याचं बघा की जरा!" मी बघितलं. वरच्या मजल्यावरच्या काकांना अशी दणदणीत नोटीस धाडली की त्यांनी आठवड्याभरात फरशी उखडली. ती माझी पहिली सागरी केस, असं मी अजूनही चारचौघांत सांगते आणि कुणी हसलं नाही तर पुन्हा सांगते.

दुसरी केस मात्र खरीखुरी होती आणि ती मला मासळीबाजारात मिळाली.

दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठी राहणारी एक कोळीण मावशी आमच्या बाजारात बसायची. मी तिची जुनी गिऱ्हाईक. एका उन्हाळ्यात ती सलग काही दिवस आलीच नाही. आली तेव्हा मासे साफ करता करता मान वर न करता म्हणाली, "तू समुंदराची वकील ना? मंग माजी होरी मोरली, तिचा बग."

होडीला ती होरी म्हणायची, खाडीला खारी. नांगरून ठेवलेल्या तिच्या होडीवर रेतीचा बार्ज येऊन आदळला होता आणि होडीचा कणाच मोडला होता. बँकेच्या कर्जामुळे विमा उतरवलेला होता, तेवढं नशीब. पण विमा कंपनीचा माणूस लांबून बघून गेला आणि म्हणाला की दुरुस्ती होईल. गावातला होड्या बांधणारा सुतार म्हणत होता, कणा गेला म्हणजे होडी गेली. दुरुस्तीपुरत्या पैशांत नवी होडी येणार नव्हती. आणि नारळी पौर्णिमेपर्यंत नवी होडी आली नाही, तर तिचा एकुलता मुलगा मानपाड्याच्या बाजूला केमिकल कंपनीत लागणार होता. त्याचं बोलणंही झालं होतं.

"कंपनीत वाईट काय आहे मावशी?" मी उगीचच विचारलं.

"वाईट कई नाय," ती म्हणाली. "पन मंग माज्या घरात खारीचा मानूस कोन ऱ्हायला?"

मी फोर्टातल्या ऑफिसात आमच्या सीनियरना विचारलं. म्हातारे पारशी गृहस्थ. त्यांच्या टेबलावर देशोदेशीच्या जहाजांची प्रकरणं. मला वाटलं हसतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "अरे डिकरी, बोट म्हणजे बोट. मोठी काय नि छोटी काय! जा, कर." त्या चार शब्दांचं ऋण माझ्यावर अजून आहे. माझ्या वयाच्या मुलीला कारकुनाच्या खुर्चीवर बसवून ठेवणारी ऑफिसं तेव्हा काही कमी नव्हती.

मी पुन्हा तपासणीची मागणी केली. कंपनीने मोठा साहेब पाठवायचं कबूल केलं आणि वेळ दिली सकाळी अकराची. मावशीने पंचांगातली तिथी बघितली आणि कपाळावर हात मारला. "त्या दिवशी सकाली सुकती. पानीच नसनार. सायेब चिखोल बगून जाईल."

हीच सगळी मेख होती. ओहोटीला ती होडी चिखलात रुतून अशी ऐटीत उभी राहायची की कुणालाही वाटावं, आत्ता निघेल. तिची खरी अवस्था कळायची ती भरतीला. धड होडी पाण्याबरोबर वर उचलली जाते. ही तळातून पाणी पिऊन जागच्या जागी बुडायची. मी दुपारची वेळ मागितली. उत्तर आलं, तपासण्या सकाळीच होतात. खाडीनेच काय ते ऑफिसची वेळ पाळायची!

ठरल्या दिवशी साहेब जीपमधून उतरले. इस्त्रीचा सफारी, नाकाला रुमाल. बांधावर उभं राहून त्यांनी चिखलातल्या होडीकडे बघितलं.

"बोट तर उभी आहे, मॅडम."

"साहेब, भरती येईपर्यंत थांबा. ती उठत नाही, हे तुमच्या डोळ्यांनी बघा."

"मी जे दिसतं ते लिहितो. जे दिसणार आहे ते लिहीत नाही." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

चहा? नको. सरबत? "मी कामावर असताना पाणीही घेत नाही." असा माणूस लाखात एक, आणि तो नेमका आमच्याच नशिबी! मावशीचा मुलगा खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा असा, की साहेबांनी होडीचा नाही, त्याचाच निकाल लिहायला घेतलाय.

मी साहेबांकडे नीट बघितलं. हा आवाज, ही मान टाकायची ढब मी कुठे पाहिली होती? आणि मला एकदम आठवलं. डोंबिवलीतल्या हौशी नाटकांच्या स्पर्धेत, मागच्याच हिवाळ्यात! हेच गृहस्थ म्हातारा बाप झाले होते आणि दुसऱ्या अंकात इतके सावकाश मेले होते की मागच्या रांगेतून कुणीतरी "डॉक्टर बोलवा!" म्हणून ओरडलं होतं.

"साहेब," मी हात जोडले, "मागच्या हिवाळ्यात स्पर्धेत ते वडील... ते तुम्हीच ना?"

पेन थांबलं. रुमाल नाकावरून खाली आला.

"तुम्ही होतात?"

"होते म्हणजे? रडले मी!" हे निम्मं खरं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. कशाने, ते सांगायची ही जागा नव्हती. "ते मरण... असं मरण मी पुन्हा पाहिलं नाही."

"परीक्षकांना लांबलं असं वाटलं," साहेब दुखऱ्या आवाजात म्हणाले.

"परीक्षकांना काय कळतंय!"

एव्हाना जाळी विणणाऱ्या बायका जवळ सरकल्या होत्या. मावशीने माझ्याकडे एक नजर टाकली. त्या बाईला इशारा लागत नसे. ती पुढे होऊन म्हणाली, "सायेब, आमी गरिबांनी नाटक कंदी बगितला नाय. मरून दाखवा ना!"

"इथे? अहो, मी कामावर आहे!"

"मरायला काय रजा लागतं?" एक म्हातारी म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं, जीप बघितली, आणि मग आपला प्रेक्षकवर्ग बघितला. बायका पदर सावरून ओळीने बसल्या होत्या. खरा नट जीपकडे पाठ फिरवू शकतो, प्रेक्षकांकडे नाही. त्यांनी सफारीचं वरचं बटण काढलं. "नुसतं मरण कळणार नाही," ते म्हणाले. "अंक सुरुवातीपासून घ्यावा लागेल."

मनातल्या मनात मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

खाट आली. मी त्यांची मुलगी झाले. वाक्यं आठवत नव्हती, तिथे मी हुंदके दिले. मावशीच्या मुलाला त्यांनी नोकर केलं आणि त्याला नीट उभं राहता येत नाही म्हणून दोनदा दम दिला. त्यांच्या पाठीमागे खाडीच्या चरांतून पाणी गुपचूप आत सरकू लागलं होतं. साहेब मृत्युपत्राबद्दल बोलले, पाणी होडीला टेकलं. साहेबांनी धाकट्या मुलाला क्षमा केली, पाणी निम्म्यावर आलं. मग ते प्रत्यक्ष मरायला लागले.

ते मेले, उठून बसले, एक वाक्य बोलले, पुन्हा मेले. मघाची म्हातारी डोळे पुसत ओरडली, "मेलास तरी बोलतस किती रं!" साहेबांना ती दादच वाटली. त्यांनी आणखी एक श्वास घेतला.

शेवटी दुपार कलल्यावर ते खरोखर निश्चल झाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणी तर मनापासून रडत होत्या. साहेब प्रसन्न चेहऱ्याने उठले, घाम पुसला, वळले.

खाडी काठोकाठ भरली होती. शेजारच्या होड्या पाण्यावर डुलत होत्या. मावशीच्या होडीच्या जागी नुसतं पुढच्या नाळेचं टोक वर होतं.

"बोट कुठे गेली?"

साहेबांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. या माणसाला राग आला असता तर त्याचं काही चुकलं नसतं.

"तुम्ही मला मुद्दाम मारलंत," ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही एरवी थांबला नसतात."

"नसतो थांबलो." ते खाटेवर बसले. "आता थांबतो. सुतार कुठाय? पाणी उतरलं की मला खालचा कणा दाखवायला सांगा."

आणि तो माणूस खरोखर थांबला. संध्याकाळी पाणी उतरल्यावर सफारी गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला, कण्याची चीर स्वतः हाताने चाचपली, आणि तिथेच उभ्याउभ्या लिहिलं: दुरुस्तीपलीकडे. पूर्ण नुकसान. चहा त्याने शेवटपर्यंत घेतला नाही. निघताना मावशीला हळूच विचारलं, "मरण कसं वाटलं?"

"आमच्या बापाला पन इतका येल लागला नवता," मावशी म्हणाली. साहेब खूश झाले.

पुढे मी मोठमोठ्या जहाजांच्या केसेस केल्या. परदेशातले कप्तान मला मॅडम म्हणाले. पण जिंकणं म्हणजे काय ते मी त्या चिखलात शिकले, ते एका हौशी नटाच्या प्रामाणिकपणामुळे आणि एका कोळणीच्या हट्टामुळे. दोघांचे आभार मानायला मी कधी विसरत नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मावशीची नवी होडी पाण्यात गेली. मुलगा सुकाणूवर उभा होता. तो इतका गंभीर होता की मला हसू आवरेना. होडी वळणापलीकडे गेली तरी मावशी काठावरून हलली नाही. मी म्हटलं, "चला मावशी, झालं ना आता?"

"तू जा," ती म्हणाली. "मी जरा बगतंय. माजा पोऱ्या कामावं गेलाय."