बाणाच्या बुडाला गुलाबी कागद

आमच्या पिंपळवंडीच्या घरात बाजरीच्या पोत्यांना टेकून पत्रकांचे गठ्ठे असत. आण्णा, म्हणजे माझे वडील, चळवळीतले. पाणीवाटपापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत सगळ्यावर त्यांचं पत्रक निघे. मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. माझी आक्का, माझ्याहून थोडीच मोठी, त्यातलीच गुलाबी पत्रकं कापून बाणांना चिकटवायची.

ती ओतूरच्या कॉलेजात तिरंदाजी करायची. बांबूचे बाण घरीच बनवायची. पिसं लावायच्या आधी बुडाला रंगीत कागदाचा वेढा द्यायचा, म्हणजे गवतात पडलेला बाण सापडतो आणि कुणाचा तेही कळतं. बोटांनी गुंडाळला तर कागदाला सुरकुत्या पडतात. म्हणून घोंगडीची घडी घालायची, तिच्यावर खळ लावलेला कागद पसरायचा, कडेला बाण सरळ ठेवायचा आणि तळहातानं एका दमात पुढं लोटायचा. मी घोंगडी ताणून धरायचे, ती लोटायची. लोकर दबली की कागद आपसूक बाणाला बिलगायचा.

"पत्रकं लोकांच्या हातात द्यायला छापलीत गं," आण्णा एकदा म्हणाले.

"हातात दिली की लोक त्यात शेंगदाणं बांधत्यात, आण्णा. बाणावरची लांब तरी जात्यात."

आण्णांनी आणखी दोन पत्रकं तिच्यापुढं सरकवली.

खळ मात्र आमच्याच घरची, भिंतींवर पत्रकं डकवायची, गव्हाच्या पिठाची. दुसऱ्या कुणी ती बाणाला लावली नसती. दवानं ओल्या मैदानावर सकाळचा सराव झाला आणि वेढे पिसांसकट निसटले.

"अगं बया, कोंबड्या सोलल्या का काय!" तिची मैत्रीण ओरडली.

निवड चाचणी तोंडावर आली होती. निवड झाली तर लांबच्या क्रीडा वसतिगृहात जागा. आम्ही सुताराकडून पांढरा गोंद आणला आणि सगळे वेढे नव्यानं दिले. मुलींनी पुढं गेलं पाहिजे, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच पटलेलं नव्हतं. तरी एकेक बाण बाजूला ठेवताना मी मुद्दाम वेळ लावत होते.

तिची निवड झाली. ती गेली.

रविवारी शेजारच्या दुकानात तिचा फोन यायचा.

"इथं तयार स्टिकर मिळत्यात. सोलायचं अन् लावायचं. बाणबी अॅल्युमिनियमचं!"

"मग तू दिवसभर करतीस तरी काय?"

"नेम धरती की! दुसरं काय?" आणि ती लई हसली.

मागून कुणीतरी हिंदीत तिला हाक मारली. "आले, आले," म्हणत तिनं फोन ठेवला. कधी येशील, हे मी कधीच विचारलं नाही. माझ्यासाठी तिचा पाय तिथून निघाला असता, तर ते मला मुळीच चाललं नसतं. मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभी राहिले, दुकानदार "झालं का, ताई?" म्हणेपर्यंत.