तळहात आडवा

कॉलनी नवी होती तेव्हा, खांदा कॉलनीत आमचं दळण दळणाऱ्या तिशीतल्या बाईचं वाक्य कुणी मध्येच पुरं केलं, की ती तळहात आडवा धरायची आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायची. आधीचं दळण तांदळाचं असलं, की विचारायची, "ता... तांदळावर ग... गहू टाकू का?" घाईवाल्यांचा जीव जायचा. जाऊ दे! उजवा हात थरथरायचा, म्हणून ती डबा डाव्या हाताने उचलायची. कुणी मदतीला सरसावलं, तर डोळे वटारायची.

एकदा एक साहेब गिरणीच्या आवाजात ओरडून तिच्या आईला म्हणाले, "अशा मंद पोरीला इथे कशाला उभी करता?"

आई ओशाळली. "जन्मली तवा रडली नाय, साहेब. श्वासच नव्हता. डॉक्टर म्हनले, मेंदूला..."

तिने खटका पाडला. गिरणी थांबली.

"आये, मा... माझं मी सांगते. मला ह... हवा उशिरा मिळाली. म्हनून बो... बोलनं उशिरा येतं. पन येतं."

तिने साहेबांचा डबा उचलला.

"ता... तांदळावर..."

"हो, टाक, टाक!"

तिने डबा खाली ठेवला आणि तळहात आडवा धरला.