असाहेल भावोजी आणि डुकरांची मुकादमी

आमच्या व्हर्मांटच्या गावात नुकतंच लग्न झालेल्या पुरुषाला मार्चच्या गावसभेत डुकरांचा मुकादम नेमायचे. मोकाट डुक्कर दिसलं की धरून कोंडवाड्यात न्यायचं, हे त्याचं काम. माझ्या केझायाताईशी लग्न झालं तेव्हा असाहेल थ्रॉल भावोजींनाही ते चुकलं नाही. एका डुकरिणीने त्यांना प्रार्थनाघराच्या दारातल्या चिखलात लोळवलं आणि नेमकी तेव्हाच प्रार्थना सुटली. पुन्हा म्हणून डुकरामागे धावायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं आणि कायदा शिकायला घेतला. त्यांना न्यायाची ओढ होती असं लोक सांगतात. असेलही. त्यांचा कोट मी धुतला होता.

वकील झाले, तर पहिला खटला डुकराचाच. देवाने डुकराला स्वतःची अक्कल दिली आहे, मालकाचा काय दोष, असं दुपारभर सांगून ते जिंकले. मग गावाने त्यांना विधानसभेत पाठवलं. तिथून त्यांनी अगदी उलटा कायदा करून आणला. नाकात कडी नसलेलं डुक्कर मोकाट सापडलं तर दोष मालकाचा, आणि पुढच्या गावसभेपर्यंत मुकादमी त्यानेच करायची. गावातले नवे नवरे त्यांच्यावर इतके खूश झाले की भावोजी न्यायाधीशही झाले.

ताईची एक लाडकी डुकरीण होती, शेबा. नाक दुखेल म्हणून ताईने तिला कडी घालू दिली नव्हती. एका शरदात जेबेझ पाइकने तिला पाद्रीबाबांच्या भोपळ्यांत पकडलं. जेबेझ त्या वर्षीचा मुकादम, लग्नाला आठ महिने झालेले. सुटका समोर दिसत असल्यामुळे त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

कोर्ट खानावळीच्या दिवाणखान्यात भरायचं. डुकरीण कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी भावोजींनी विचारलं. मग मागच्या बाकाकडे बघून म्हणाले, "बाई, ही तुमची ना?"

ताई विणकाम खाली ठेवून उठली. "अहो, लग्न झालं त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, कायद्याने बायकोचं काही नसतं. आईची किटली तुमची झाली, माझी गाय तुमची झाली. मग ही डुकरीणच तेवढी माझी कशी राहिली?"

दिवाणखाना हसून हसून लाल झाला. भावोजी त्याहून लाल. खानावळीचा म्हातारा मालक त्यांच्या मदतीला धावला. डुकराला स्वतःची अक्कल असते, असं एक वकील इथेच म्हणाला होता, अशी त्याने आठवण करून दिली.

भावोजी म्हणाले, "त्या वकिलाला मी ओळखतो. त्याचं काही ऐकू नका."

आणि त्यांनी स्वतःविरुद्ध निकाल दिला. जेबेझने भर कोर्टात बायकोला मिठी मारली.

ताईने भावोजींचे मुकादमीतले जुने बूट काढून दिले. इतकी वर्षं ती त्या बुटांना चरबी चोळून ठेवत होती, का ते मी विचारलं नाही. पुढच्याच रविवारी कोणाचंतरी डुक्कर सुटलं आणि धावत थेट प्रार्थनाघराकडे आलं, मागे काळ्या कोटात न्यायाधीशसाहेब. मी आत खिडकीशी बसले होते. दारातला चिखल होता तिथेच होता. देवा, आज प्रार्थना जरा लांबू दे, एवढंच मी मागितलं.

लांबली नाही.