काकवीचं औषध

आपल्याला काय जमत नाही, याची कडेगावच्या कृष्णातला पक्की माहिती होती. बाप, ज्योतिबा, नामी गुळव्या. त्याचीच कढई कृष्णातच्या हाती आली की गूळ करपायचा. पलटणीत भरती व्हायला गेला, तर कितीही श्वास कोंडला तरी छाती मापात बसेना. इंग्रजी चौथीत तो इतका मुरला की मास्तर बदलले, हा तिथंच. उरलं कंपाउंडरचं काम. सावलीत उभं राहायचं आणि बाटल्या हलवायच्या. एवढं तरी आपल्या हातून होईल, असं त्याला वाटलं.

सांगलीच्या अण्णा डॉक्टरांनी सांगितलं, "पावसाळ्यापर्यंत बघतो. जमलं तर परीक्षेला बसवीन, नाहीतर घरी." घरी म्हणजे पुन्हा बापाची भट्टी आणि बापाचं तोंड. दोन्हींचा चटका कृष्णातला ठाऊक होता.

चैत्रात डॉक्टर भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. जाताना म्हणाले, "खोकल्याचं औषध तेवढं दे. बाकी कशाला हात लावू नकोस." ते औषध म्हणजे अडुळशाचा काढा आणि साखरेचा पाक. पण लढाईमुळं साखर रेशनवर, आणि डबा लगेच रिकामा झाला. मग कृष्णातचं डोकं चाललं. ते चाललं की काहीतरी बिघडतं, हा अनुभव त्याला होता, पण आठवला नाही. गावाहून काकवीची घागर मागवून त्यानं ती पाकाऐवजी ओतली आणि बाटल्या भरून ठेवल्या.

उन्हाळा कडक होता. थोड्या दिवसांत एका बाटलीचं बूच उडून आढ्याला लागलं. औषधाला जोर आलाय, असं कृष्णातनं ठरवून टाकलं.

त्यानंतर हळदीच्या पेठेत खोकल्याची साथच आली. गुंडा हमाल रोज रिकामी बाटली घेऊन हजर. "डाक्तर, औषध लय गुणाचं हाय. खोकला गेला, पर सांजच्याला परत यील असं वाटतंय. भरा आनी एक." डाक्तर म्हटल्यावर कृष्णात काठोकाठ भरायचा. आपल्या नावाची पाटी दाराच्या डाव्या बाजूला शोभेल की उजव्या, एवढाच प्रश्न त्याच्या मते उरला होता.

सांगलवाडीची बनुबाई तर पायाच पडली. "आवं, माझी उमा खोकून खोकून निळी पडायची. आता औशिद घेतलं की गप निजती. दिवस उगवला तरी उठत न्हाई. तुमच्या हाताला गुन हाय." कृष्णातनं हात पुढं धरून जरा वेळ निरखला.

डॉक्टर परत आले, दारातली रांग बघून थबकले. त्यांनी एक बाटली उघडून वास घेतला, थेंब जिभेवर ठेवला.

"कृष्णात, अरे ही दारू झालीय."

आणि ते हसायलाच लागले. "सगळी पेठ पाजलीस की. जाऊ दे, हमालांचं काही बिघडत नाही. ओतून टाक आणि उद्यापासून मापानं कर." नोकरी वाचली होती. कृष्णातही हसला. मग त्याला उमा आठवली. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर भट्टी.

"अण्णा, एक ल्हान पोरगीबी हाय," तो म्हणाला.

डॉक्टरांचं हसू गेलं. दोघं तसेच नदीपार सांगलवाडीला गेले. डॉक्टरांनी उमाला बराच वेळ तपासलं. पोर सुस्त होती, पण धोका नव्हता. डांग्या खोकला तसाच होता. बनुबाई पुन्हा कृष्णातच्या पाया पडायला वाकली, तसा तो मागं सरला.

"बाई, नका. म्या दिलं ते औषध न्हवतं. आंबलेली काकवी हुती. तुमची उमा बरी झाली न्हवती, तिला चढली हुती."

बनुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. चुलीमागची बाटली आणून तिनं उरलेलं परड्यात ओतलं, बाटली विसळली आणि डॉक्टरांना वगळून कृष्णातपुढं धरली.

"मग आता खरं द्या."

बाटली हातात घेताना कृष्णातला फार लाज वाटली. तो डॉक्टरांकडं वळला.

"अण्णा, मला येत न्हाई."

"ती बाटली आधी उकळून घे," डॉक्टर म्हणाले. "मग सांगतो."